गुरुबसप्पा मास्तर आणि बारा दिवसांची हजेरी

गुरुबसप्पा मास्तराने आयुष्यात मातीची एक पाटी उचलली नाही. उदगीर-जळकोट भागात त्याचं नाव निघालं की लोक त्याच्या पाच भाषा सांगतात, अक्षर सांगतात, पाठांतर सांगतात. ते सगळं खरं आहे. मी दुष्काळात अकरा महिने तो हजेरी घ्यायचा त्या कामावर माती खोदली, आणि दहा वर्षांनी त्याच्या त्या अक्षराने आमच्या घरात काय केलं तेही पाहिलं. म्हणून माझं मत वेगळं आहे.

तो लिंगायत दुकानदाराच्या घरातला. उदगीरच्या बाजारात बापाचं किराणा दुकान. शाळा निजामाच्या काळातली, म्हणून उर्दू पक्की. घरात कन्नड. इंग्रजी हैदराबादला जाऊन शिकला. दोन वर्षं देगलूरला मास्तरकी केली, तिथे तेलुगू उचलली. पुढे उदगीरच्या एका खाजगी शाळेत लागला. हेडमास्तरांनी फळ्यावर लिहिलेलं इंग्रजी वाक्य याने पोरांसमोर पुसलं आणि दुरुस्त करून लिहिलं. वर्षअखेर नोकरी गेली. मग दुकानात बसला. गिऱ्हाईक साबण मागायचं, हा सांगायचा की साबण हा शब्द आपल्याकडे अरबांकडून आला आणि मूळ त्याचं लॅटिनमध्ये आहे. गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जायचं. धाकट्या भावाने, वीरण्णाने, शेवटी त्याला गल्ल्यावरून उठवलं.

बहात्तर साली पाऊस दुसऱ्यांदा गेला. जळकोटजवळ पाझर तलावाचं काम निघालं. तेव्हा जळकोट उदगीर तालुक्यात आणि उदगीर उस्मानाबाद जिल्ह्यात होतं. तीनशे माणसं कामावर. हजेरी लिहायला लिहिणारा पाहिजे होता. मास्तर आला. बाभळीखाली एक लोखंडी खुर्ची, मांडीवर हजेरीपट, खुर्चीच्या पायाशी इंग्रजी शब्दकोश. तो शब्दकोश विटेपेक्षा जड होता. रोज सायकलवर आणायचा आणि रोज परत न्यायचा. त्याने उचललेलं वजन म्हणायचं तर तेवढंच.

काम जोडीने असायचं. मी टिकाव मारायचो, माझी बायको केवळाबाई पाटी भरून बांधावर टाकायची. दहा फूट लांब, दहा फूट रुंद, एक फूट खोल, अशी एक चौकडी खोदायची. मधे मातीचा एक खुंट न खोदता ठेवायचा. त्याच्या उंचीवरून खोली मोजतात. काही जोड्या त्या खुंटावर ओल्या मातीचा थर चढवून त्याला उंच करायच्या. एक फूट खोदलं की सव्वा फूट दिसायचं. मास्तराला खुर्चीवरून ते दिसत होतं. तो म्हणायचा, माप माझ्याकडे नाही, माझ्याकडे नाव आहे.

नावाच्या बाबतीत कामावर एक रिवाज होता. जोडीतलं कुणी आजारी पडलं, कुणाच्या घरी मयत झाली, कुणी बाळंत झाली, तर घरातलं दुसरं माणूस त्याच्या जागी यायचं. सकाळी नाव पुकारलं की ते माणूस "हाव", म्हणजे हो, म्हणायचं. चौकडी भरायची, जागा टिकायची. नीलाबाईच्या जागी तिचा सासरा आठ दिवस आला होता. मिशीवाला म्हातारा. मास्तराने "नीलाबाई" पुकारलं की हा घोगऱ्या आवाजात "हाव" म्हणायचा आणि सगळी लाइन हसायची. मास्तरही हसायचा आणि हजर मांडायचा. असे दहा-बारा जण तरी त्या काळात बदलीवर चालले. हाताला फोड आलेलं माणूस हजर, तर नाव हजर. त्यात कुणाला गैर वाटत नव्हतं, मला तर मुळीच नाही. माती कुणी टाकली एवढंच मी बघतो.

दुपारची सुट्टी अर्धा तास. मिलोची, म्हणजे अमेरिकेहून आलेल्या ज्वारीची, लाल भाकर, घशाला टोचणारी, वर मिरचीचा ठेचा. मास्तर त्या अर्ध्या तासात शब्द सांगायचा. कुणी मागितले नव्हते. मुकादम म्हणजे अरबीत पुढे चालणारा. हजेरी अरबी, रजा अरबी. निघताना कोण काय म्हणतं याची त्याने एक वही केली होती. आपण "येतो" म्हणतो, कन्नडवाले "होगि बर्तीनि" म्हणतात, म्हणजे जाऊन येतो. देगलूरकडचे तेलुगूवाले "पोयि वस्ता" म्हणतात, तेही जाऊन येतोच. लोक ऐकायचे, कारण सावली तेवढ्याच बाभळीची होती.

जानेवारीत महादेवप्पा नावाचा एक खोदणारा काम सोडून पुण्याला निघाला. नाव कमी करा म्हणून सांगायला आला. मास्तराने त्याच्या नावापुढे इंग्रजीत काहीतरी लिहिलं. शेषेराव मुकादम वाकून बघत होता.

"काय लिहिलाव मास्तर?"

"डिपार्टेड. म्हणजे निघून गेला. शब्द लॅटिनमधला आहे."

"लॅटिन म्हंजे लातुरात बोलत्यात ती का?"

लोक हसले. मास्तर हसला नाही.

"रोम नावाच्या शहराची जुनी भाषा. आता कुणी बोलत नाही."

"मग तुमाला कुणी शिकिवली?"

"पुस्तकांनी," मास्तर म्हणाला आणि शब्दकोश उघडला. पान त्याला पाठ होतं, तरी उघडला. "पार्स म्हणजे वाटा, हिस्सा. त्यावरून पार्तिरे, म्हणजे वाटणे. पुढं 'डी' लागला. फ्रेंच लोकांच्या तोंडातून फिरत इंग्रजांकडं आला. जुन्या इंग्रजीत डिपार्ट म्हणजे वाटून टाकणं. नंतर वेगळं होणं. नंतर निघून जाणं. आणि शेवटी मरणं. तुम्ही ज्या डिपार्टमेंटचं काम करता तो शब्दही याच घरातला. डिपार्टमेंट म्हणजे वाटून दिलेला भाग." मग त्याने बोट वर केलं. "आता सांगा, वाटण्याचा आणि जाण्याचा संबंध काय? हैदराबादला आमच्या प्रोफेसरांना मी विचारलं होतं. त्यांना पटेल असं सांगता आलं नाही. वीस वर्षं मी याच्यावर विचार करतोय."

केवळाबाईला तेव्हा सातवा महिना होता. पाटी उलटी घालून तिच्यावर बसली होती. भाकरीचा तुकडा तोंडात होता, तो आधी गिळला.

"यात इचार करण्यासारखं काय हाय, मास्तर? भाऊ येगळा निगतो का न्हाई? आदी रान वाटायचं, भांडी वाटायची, मग आपली चूल घिऊन निगायचं. वाटणी झाल्याबिगर कुणी निगतंय का? हे कळाया तुमाला ईस वर्सं लागली व्हय?"

मग शेषेराव ओरडला, "मास्तर, केवळीकडं वही द्या अन् तुमी पाटी घ्या!"

तीनशे माणसांतली शंभर तरी त्या बाभळीच्या आसपास असतील. सगळी हसली. नीलाबाईच्या सासऱ्याला ठसका लागला. मास्तराने शब्दकोश मिटला. त्याचा चेहरा कसा झाला ते मी बघितलं. हेडमास्तराचा चेहराही असाच झाला असेल. पण स्वतःवर आलं तेव्हा मास्तराला ते आठवलं नाही. त्याने कानावर अडकवलेली पेन्सिल काढून ती गोष्ट आपल्या वहीत लिहून घेतली. केवळाबाईचं नाव लिहिलं नाही. पुढे उदगीरच्या वाचनालयात त्याने यावर भाषण दिलं आणि ही फोड आपल्यालाच सुचली असं सांगितलं, हे मला तिथल्या शिपायाकडून कळलं.

मार्चच्या शेवटी केवळाबाई बाळंत झाली. मुलगी झाली. ती आदल्या दिवसापर्यंत पाटी वाहत होती. बाळंतपणाच्या दिवशीच माझी भावजय सिंधु, धाकट्या अण्णारावची बायको, माझ्या जोडीला उभी राहिली. मास्तराने पुकारलं, "केवळाबाई लिंबाजी."

सिंधु म्हणाली, "हाव."

मास्तराने वर बघितलं. एरवी तो वर बघत नसे. बराच वेळ बघितलं, मग खाली बघून लिहिलं. बारा दिवस सिंधुने पाटी टाकली. चौकडी एक दिवसही अपुरी राहिली नाही. बाराव्या दिवशी पोरीचं नाव ठेवलं, तेराव्या दिवशी केवळाबाई कामावर आली. पोर बाभळीला बांधलेल्या झोळीत. मास्तराने नाव पुकारलं, ती "हाव" म्हणाली. आठवड्याला अंगठा कुठे लावायचा ते मास्तर बोटाने दाखवायचा. तिथे लावायचा. वाचणारं कुणी नव्हतं. मी चौथी शिकलेलो होतो, पण हजेरीपट मजुराने हातात घ्यायचा नसतो.

पाऊस आला, तलावाचं काम थांबलं. आमच्यातल्या चौदा जणांना उदगीर-जळकोट रस्त्यावर खात्याच्या गँगमध्ये घेतलं. खड्डे भरायचे, साइडपट्टी ओढायची, झुडपं तोडायची, उन्हाळ्यात डांबर. दहा वर्षं आम्ही तो रस्ता धरला. मैलाचा कुठला दगड कुठल्या बाजूला कलला आहे ते मी डोळे मिटून सांगेन. मास्तर तेव्हाच गेला. उदगीरला शिकवण्या घेऊ लागला.

ब्याऐंशी साली ऑगस्टात लातूर जिल्हा झाला. रस्ता होता तिथेच राहिला, साहेब बदलला. लातुरात भाड्याच्या इमारतीत नवीन ऑफिस आलं. भिंतीला चुन्याचा वास, दाराला रंगारी नाव लिहीत बसलेला, आणि व्हरांड्यात उस्मानाबादहून आलेली कागदांची पोती. नवीन साहेब तरुण होता आणि कामाला चोख होता, ते मी मान्य करतो. त्याने ठरवलं की दुष्काळी कामापासून सलग असलेले मजूर कायम करायचे. तारीख ठरली एकतीस मार्च त्र्याहत्तर. त्या तारखेच्या आधीपासून ज्याची हजेरी तुटली नाही तो कायम.

कायम होणं म्हणजे काय, हे रोजंदारीवर राबलेल्यालाच कळतं. कायम माणसाला रजा असते. पाऊस पडला म्हणून त्याला घरी पाठवत नाहीत. पाय मोडला तर त्याची जागा दुसऱ्याला देत नाहीत. म्हातारपणी पेन्शन असते. केवळाबाईची पाठ तेव्हाच दुखायला लागली होती. ती म्हणायची, "आता दोन सालं कशीबी काढीन, कायम झाल्यावर एकदा दवाखान्यात जाऊन पडते." तिला दुसरं काही नको होतं.

चौदा जणांतल्या तेरा जणांची नावं यादीत आली. केवळाबाईचं आलं नाही.

ऑफिसातल्या कारकुनाने हजेरीपट काढून मला दाखवला. मास्तराचं अक्षर मी लगेच ओळखलं. सत्तावीस मार्च त्र्याहत्तर. केवळाबाई लिंबाजी, काम सोडून गेली. खाली इंग्रजीत एक शब्द, तोच, डिपार्टेड. त्याच्याखाली सिंधु अण्णाराव, नवीन. आणि आठ एप्रिलला पुन्हा केवळाबाई लिंबाजी, नवीन. साहेबाच्या तारखेनंतर आठ दिवस.

"बाळंतीण होती," मी म्हणालो.

"मग तसं लिहायला पाहिजे होतं. इथं लिहिलंय काम सोडलं," कारकून म्हणाला. "लिहिणारा जिवंत असेल तर आणा. साहेबांसमोर त्याला सांगू द्या."

मी पानं उलटत होतो. नीलाबाई, आठ दिवस, हजर. जगदेवी, सहा दिवस, हजर. ज्यांच्या जागी कोण आलं होतं ते मला माहीत होतं, त्या सगळ्यांपुढे हजर. सोडून गेली होती एकटी केवळाबाई.

दुसऱ्याच दिवशी मी उदगीरला मास्तराच्या घरी गेलो. तो पलंगावर बसून एका पोराची वही तपासत होता. पोराला त्याने बाहेर पाठवलं. मला बस म्हणाला. मी बसलो नाही.

"मास्तर, तुम्ही केवळाबाईला सोडून गेली लिहिलंत."

त्याला आठवायला वेळ लागला नाही. दहा वर्षांत तो हे विसरला नव्हता.

"मी खोटं लिहिलं का? त्या बारा दिवसांत ती कामावर होती का?"

"न्हवती."

"मग?"

"नीलाबाई तरी कुठं होती? तिचा सासरा मिश्या घेऊन यायचा. तिला कसं हजर मांडलंत?"

मास्तराने चष्मा काढला, धोतराच्या टोकाने पुसला, परत लावला.

"त्या दिवशी तिनं मला सगळ्यांसमोर..." एवढं बोलून थांबला. "लिंबाजी, मी वीस वर्षं त्या शब्दामागं होतो. आणि ती भाकर खाता खाता बोलून गेली. दुसऱ्या कुणी नियम मोडला तर मला सोडून देता आलं. तिनं मोडला तेव्हा नाही आलं."

"म्हंजे राग काढला."

"नियमच लावला. फक्त तिला लावला."

मी आयुष्यात टिकावाने पुष्कळ दगड फोडले. माणसावर हात उचलला नाही. त्या दिवशीही हात आवरला तो दारात पोरगं उभं होतं म्हणून.

"लातूरला चला. साहेबासमोर सांगा."

"येतो," मास्तर म्हणाला. "पण सांगायचं तर सगळं सांगीन. अर्धं खरं मी सांगत नाही."

मला तेव्हा त्या बोलण्याचा अर्थ लागला नाही. मला वाटलं, सगळं सांगेल तर चांगलंच आहे.

सोमवारी आम्ही तिघं एसटीने लातूरला गेलो. मास्तर पुढच्या सीटवर. अहमदपूरचा फाटा आला तेव्हा मागे वळून म्हणाला, "बघ लिंबाजी, उस्मानाबादेतून लातूर निघालं ते वाटणी होऊनच. तेच." मी खिडकीबाहेर बघितलं. केवळाबाई म्हणाली, "मास्तर, पुढं बघा. उलटी होईल."

ऑफिसच्या व्हरांड्यात बाकावर नीलाबाई बसली होती. तिचा नवरा दोन वर्षांपूर्वी गेला होता, सासरा त्याच्या आधी. कायमच्या कागदावर अंगठा द्यायला तिला बोलावलं होतं. नवीन लुगडं नेसून आली होती. केवळाबाईला बघून हसली आणि सरकून जागा करून दिली.

"तुजं बी होऊन जाईल गं," नीलाबाई म्हणाली. "मास्तर आलेत की."

आत साहेब, कारकून आणि आम्ही तिघं. दार उघडंच होतं. साहेबाने मास्तराला खुर्ची दिली. आम्ही उभे.

"हे तुमचं अक्षर?"

"माझंच."

"बाई म्हणतात त्या सोडून गेल्या नव्हत्या. त्यांच्या जागी घरातली बाई कामाला होती. बरोबर?"

"बरोबर आहे," मास्तर म्हणाला. "कामावर तसा रिवाज होता. मी इतरांच्या बाबतीत तो मान्य केला. हिच्या बाबतीत केला नाही. त्याचं कारण माझ्या मनात होतं, कामात नव्हतं."

साहेबाने पेन खाली ठेवलं. "इतरांच्या बाबतीत म्हणजे?"

"बदली माणूस आला तरी मूळ माणसाला हजर मांडलं."

"असे किती?"

मास्तराने पिशवीतून एक जुनी वही काढली. मी ती ओळखली. बाभळीखाली निघण्याचे शब्द लिहायचा तीच. "माझ्याकडे नोंद आहे," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात अभिमान होता, तो मी ऐकला. "कुणाच्या जागी कोण, किती दिवस. तारखांसकट."

कारकून हातातला कागद तसाच धरून उभा राहिला.

"मास्तर," साहेब हळू बोलला, "हे तुम्ही मला दिलंत तर सगळी यादी मला परत तपासावी लागेल. ज्यांची ज्यांची बदली झाली त्यांची हजेरी तुटलेलीच धरावी लागेल. बघा."

"खरं ते खरं," मास्तर म्हणाला आणि वही उघडायला लागला. पानं चिकटली होती. त्याने बोटाला थुंकी लावली.

मी तोंड उघडलं होतं. काय बोलणार होतो ते मला आजही नक्की सांगता येत नाही. उघडा म्हणणार होतो, असंच वाटतं. बायकोचं नाव यादीत यावं एवढंच मला दिसत होतं. बाकावर कोण बसलंय ते केवळाबाईने मागे वळून एकदा बघितलं होतं, मी बघितलं नव्हतं.

"साहेब," केवळाबाई म्हणाली.

साहेबाने मान वर केली.

"मी सोडूनच गेले हुते. माहेरी गेले हुते. काम नको वाटलं म्हणून गेले. माजी बदली-बिदली कुणी केली न्हाई. सिंधु तिच्या नावानं आली हुती. लिहिलंय ते बरूबर हाय."

"अहो, पण तुमचे यजमान..."

"त्यास्नी काय ठावं? ते खड्ड्यात खाली मान घालून असायचे."

मास्तर म्हणाला, "केवळाबाई, तू खोटं..."

"वही ठेवा, मास्तर." तिचा आवाज चढला नव्हता. "पिशवीत ठेवा."

मास्तराने साहेबाकडे बघितलं. साहेबाने त्याच्याकडे बघितलं नाही. त्याने हजेरीपट मिटला आणि कारकुनाला म्हणाला, "बाहेर कोण आहे? त्यांचा अंगठा घेऊन टाका." साहेबाला सगळं समजलं होतं. त्याने ते समजलं नाही असं दाखवलं. त्या खोलीत त्या दिवशी तेवढं एक काम नीट झालं.

आम्ही बाहेर आलो तेव्हा नीलाबाईचा अंगठा शाईत होता. "झालं का गं?" तिने विचारलं.

"व्हईल," केवळाबाई म्हणाली. "कागद शोधायलेत."

गंजाच्या बाजारातून जाताना डाळीच्या मिलचा भुसा उडत होता. स्टँडवर उदगीरची गाडी लागली होती. मास्तर आमच्या शेजारी येऊन उभा राहिला. त्याला बोलल्याशिवाय राहवत नव्हतं, हे त्याचं दुखणं होतं.

"तू खोटं का सांगितलंस? मी खरं सांगायला आलो होतो. तुझ्यासाठीच आलो होतो."

केवळाबाईने पदर खोचला.

"तुमचं खरं लई म्हाग हाय, मास्तर. दुष्काळात एकटीला पडलं. आता बाराजणास्नी पाडाया निगालाव."

"पण नियमानं..."

"एक इचारू? तवा खोटं मांडलं असतंव तर तुमचं काय गेलं असतं?"

गाडी सुटली तेव्हा मास्तर पुढच्या सीटवर बसला आणि उदगीरपर्यंत मागे वळला नाही.

घरी आल्यावर मी तिला विचारलं, मला आधी का नाही सांगितलंस. ती म्हणाली, "तुमी सांगू दिलं असतं का?" मी खरं उत्तर दिलं. नसतं सांगू दिलं.

पुढे मी कायम झालो, तेरा जण झाले. केवळाबाई त्याच गँगमध्ये, त्याच रस्त्यावर, रोजंदारीवर राहिली. पावसात आम्हाला शेडमध्ये बसायला मिळायचं, तिला घरी पाठवायचे. एकदा पुलाजवळ पाय मुरगळला तेव्हा तिसऱ्या दिवशी पट्टी बांधून आली, कारण चौथ्या दिवशी तिची जागा गेली असती. आमचं काम एकच होतं. उलट तिच्या पाट्या माझ्या टिकावापेक्षा जड होत्या. मी दोन्ही उचलून पाहिलं आहे. नीलाबाईला खरी गोष्ट कधी कळली नाही. कारकुनाकडून कळलं तेवढ्यावरून तिने एकदोनदा केवळाबाईला ऐकवलं की बाळंतपणाला माहेरी जायचं होतं तर काम सोडते म्हणून कशाला सांगितलंस. केवळाबाई हसली आणि पाटी भरायला लागली. मी मात्र नीलाबाईशी पुढे फारसा बोललो नाही. तिचा दोष नव्हता, तरी बोललो नाही.

मास्तराने नंतर दोनदा निरोप पाठवला, एकदा अर्ज लिहून देतो म्हणून, एकदा नुसतं भेटून जा म्हणून. मी गेलो नाही. लोकांनी त्याच्या साठाव्या वर्षी उदगीरला सत्कार केला. भाषणात त्याने वाटणी आणि निघणं यांची गोष्ट पुन्हा सांगितली. या वेळी म्हणे त्याने सांगितलं की ही फोड एका मजूर बाईची आहे. मला ते सांगायला आला त्याला मी विचारलं, नाव सांगितलं का. तो म्हणाला, नाव सांगितलं नाही.

एकोणनव्वदच्या उन्हाळ्यात मास्तर वारला. सकाळी गँगवर बातमी आली. दुपारी उदगीरला लिंगायत रिवाजाने त्याला पुरून समाधी द्यायची होती. आमचं त्या दिवशी जळकोटच्या अलीकडे डांबराचं काम चाललं होतं. माझ्या खात्यावर एकवीस दिवसांची रजा शिल्लक होती. मी घेतली नाही. दुपारी भाकरी सोडताना बघितलं तर केवळाबाई जागेवर नव्हती. मुकादमाला विचारलं. तो म्हणाला, उदगीरच्या ट्रकवर बसून गेली, अर्धा दिवस बुडवून.